लाल पावडर आणि आईंचे डोळे

६ जाने., मंगळवार
आजही ऊन नाही. धुकं म्हणा, धूर म्हणा, खिडकीतून समोरची सोसायटी दिसत नाही. दिल्लीतल्या या द्वारकेतली अर्धी घरं भर दुपारी दिवे लावून बसलेली असतात.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर आईंनी (सासूबाईंनी) दुपटं गुंडाळून कपाटात ठेवून दिलेलं. नातीच्या बाळासाठी भरत होत्या, दोन पोपट झाले होते. म्हटलं काय झालं? मग कळलं, एका पोपटाची अर्धी चोच लाल आणि अर्धी तपकिरी भरली गेली. ट्यूबखाली कळलंच नाही. सकाळी बाल्कनीत नेऊन बघितलं तेव्हा कळलं.

"डोळे गेले माझे. आता हे सगळं बंद."
"अहो आई, डॉक्टरांनी मोतीबिंदूनंतर दोनदा तपासलंय. डोळे चांगले आहेत. दिव्याचा दोष आहे."
"पंचाहत्तरी उलटली माझी. दिव्याला कशाला नावं ठेवतेस?"

एवढी चिडले ना मी. आयुष्याची वीस वर्षं दिव्यांत घालवली आणि घरात माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं. म्हटलं, या एलईडी दिव्याच्या आत एक इवलासा तुकडा असतो, तो फक्त निळा उजेड देतो. त्याच्यावर पावडर बसवलेली असते. ती निळा उजेड गिळते, त्यातली थोडी शक्ती ऊब म्हणून स्वतःकडे ठेवते आणि उरलेली पिवळा उजेड म्हणून परत देते.
आई : "म्हणजे कमिशन खाते."
हो, खाते. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. पण त्यात लाल जवळजवळ नसतोच. उजेडातच लाल नाही, तर लाल दोरा परत काय देणार? म्हणून तो तपकिरी दिसतो.
आई म्हणाल्या, "मग पूर्वीचा पिवळा बल्ब आण." त्यात लाल भरपूर होता हे खरं. पण तो आता कुठं मिळायचा, आणि वीज किती खायचा.
दुपटं कपाटातच आहे.

९ जाने., शुक्रवार
खन्ना साहेबांनी (यापुढे ख.) केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, लाल वाला प्रोजेक्ट मार्च तक देखते हैं। फिर बंद।" बंद झाला तर मी सेल्सला, शोरूमवाल्यांना दिवे दाखवत फिरणार. लॅबमधली माझी जोडीदार रेश्मा बहुतेक क्वालिटीला. आमची गुरुग्रामची दोन खोल्यांची लॅब म्हणजे स्टोअररूम होणार, त्याचं माप घेऊन गेलेत पण.

मी म्हटलं, सर, साध्या बल्बात थोडी लाल पावडर घातली की माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात. अडचण एकच आहे, ती पावडर दमट हवेत टिकत नाही, तिच्यावर तपकिरी गंज चढतो. आम्ही दाण्यादाण्यावर पातळ कवच चढवतोय, ते जमत आलंय.
ख. : "टिक भी गया तो? आम आदमी को फ़र्क़ ही नहीं पता चलता।"
हे वाक्य दिवसभर डोक्यात. बाजारात चांगले लालवाले दिवे आहेत, नाहीत असं नाही. पण महाग, आणि मागवावे लागतात. साध्या किराणा दुकानातल्या बल्बात लाल कधी येणार?

१४ जाने., संक्रांत
रेश्मानं तिळाचे लाडू आणले. सोलापूरची शेखांची मुलगी, नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे लक्ष्मीबाई नगरात राहते. माझ्यापेक्षा लाडू चांगले वळते, हे मी तिला कधीच सांगणार नाही.
सातवी बॅच दमट कपाटातून सोमवारी बाहेर येईल. आत इतकी गरम आणि ओली हवा असते की मे महिन्याची मुंबईसुद्धा थंड वाटावी. कवच टिकलं तर टिकलं.
ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ दिला. ख.नी दोन घेतले, गोड बोलले नाहीत.

१८ जाने., रविवार
घरी हळदीकुंकू. सेक्टरातल्या सगळ्या मराठी बायका आल्या. रेश्मा पण आली, मेट्रोनं. वाण म्हणून सुपाऱ्यांच्या छोट्या डब्या.
दरवर्षी आई खुर्ची मांडून बसतात आणि हळदीकुंकू त्याच लावतात. यंदा म्हणाल्या, तू लाव, माझ्या हातून कुठंतरी भलतीकडे लागायचं. मीच लावलं. रुमाल कमरेला खोचून, हाताची बोटं पिवळीधमक.

पाटीलकाकू करंडा बघून म्हणाल्या, "कुंकू जुनं झालंय का गं? काळपट दिसतंय." परवाच आणलंय कुंकू! कोणी म्हणजे कोणी दिव्याकडे वर बघत नाही. कुंकू जुनं, डोळे म्हातारे, साडीचा रंग उतरला. दिवा मात्र एकदम शहाणा.
आई ते ऐकून उठून आत गेल्या. त्यांना वाटलं, काकू त्यांना सुनावतायत. काकू कशाला सुनावतील. पण एकदा मनात बसलं की बसलं.

१९ जाने., सोमवार
!!!
सातवी बॅच मोजली, म्हणजे निळा उजेड टाकून कुठला रंग किती परत येतो त्याचा आलेख काढला. लालच्या रेषा आहेत तशा आहेत, कवच टिकलंय बहुतेक. पण त्याहून मोठं : हिरव्याच्या जागी एक छान पसरट उंचवटा. तो तिथं असायला नको! निळा प्रकाश पडला की कवच स्वतःच हिरवट चमकतंय असं दिसतंय. म्हणजे एकाच पावडरीतून लाल पण आणि हिरवा पण. असं कुठं वाचलेलं नाही. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आहे.

(पावडर ज्या काचेवर ठेवून मोजतो ती पुसायचे टिश्यू संपले होते. स्टोअरवाल्याचं नेहमीचं "कल आ जाएगा". रुमालावर स्पिरिट घेऊन पुसली.)

ख.ना दाखवलं. उभेच राहिले. "मॅडम, ये तो कमाल है!" लगेच डायरेक्टरांना फोन. मी म्हटलं सर, थांबा, आठवी बॅच होऊ द्या. थांबतायत कसले.
घरी येताना कॅबमध्ये एकटीच हसत होते, ड्रायव्हर आरशातून बघत होता.

२१ जाने., बुधवार
सातवीचा उंचवटा आज अर्धाच. तीच पावडर, तीच काच, काल दिवसभर दिव्याखाली होती. काय झालं?
माझा नवरा मिलिंद म्हणतो, "मशीनचं काहीतरी असेल." मंत्रालयात फायली बघणाऱ्यानं मशीनबद्दल बोलू नये. तसं मी म्हटलंही. मग वाईट वाटलं, त्यानं चहा करून दिला होता.

२२ जाने., गुरुवार
आठवी बॅच रेश्मानं मोजली. लाल चोख. हिरवा शून्य. नववी पण तशीच. सगळं तेच करून.
ख.चा दर दोन तासांनी फोन. डायरेक्टर पुढच्या महिन्यात येणार, त्यांना "वो हरा वाला" बघायचाय.
रेश्मा तिन्ही बॅचच्या नोंदी परत परत चाळतेय, ते बघून मला जास्त भीती वाटते.

२३ जाने., शुक्रवार
हसावं की रडावं. दोन्ही झालं.
रेश्मा म्हणाली, ताई, सगळं बंद करून टॉर्चखाली बघू या का एकदा, कुठं काय सांडलंय का. जांभळा टॉर्च, ज्यानं नोटा तपासतात तसला. खोलीत अंधार केला. टेबल काळं, काच काळी. मी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसायला.
रेश्मा ओरडली, "ताई, रुमाल! रुमाल बघा!"
माझ्या हातात हिरवट पिवळा भुताचा रुमाल. नखांच्या कडा पण चमकतायत, इतके दिवस धुऊनसुद्धा.
हळद. रविवारच्या हळदीकुंकवाची हळद. रविवारचाच रुमाल पर्समध्ये राहिला, त्यावर स्पिरिट ओतून मीच काच पुसली, स्पिरिटात हळद उतरते, आणि हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते. उजेडात राहिली की फिकी पण पडते, म्हणून उंचवटा अर्धा झाला; आठवी-नववी रेश्मानं दुसऱ्या काचेवर मोजली, तिथं हळदच नव्हती. शाळेतल्या पोराला पण कळलं असतं!
रेश्मा जमिनीवर बसून हसत होती. "ताई, पेटंट घ्या, पेटंट! हळदीकुंकू मार्क!" मी पण हसले, पोट दुखेपर्यंत. मग एकदम रडू आलं. डायरेक्टरांना काय सांगू? जगात इतक्या लॅब आहेत, हळदीच्या हातानं शोध लावणारी मीच एकटी.

२५ जाने., रविवार
रथसप्तमी. आईंना सांगितलं झालेलं सगळं. खूप दिवसांनी खळखळून हसल्या. "तरी तुला सांगत होते, हळदीचे डाग रुमालाला पुसू नकोस." मग हळूच, "आता तुझं ते काम बंद करतील का गं?"
म्हटलं, माहीत नाही.
"माझ्यामुळं झालं. मी लावलं असतं तर तुझे हात कोरडे राहिले असते."
आता यांना काय म्हणायचं. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडायची हौसच आहे. म्हटलं आई, पुढच्या वर्षी तुम्हीच लावा, म्हणजे झालं.

२७ जाने., मंगळवार
ख.ना खरं सांगितलं. सरळ, लपवाछपवी न करता.
"हल्दी?"
"जी सर."
"मॅडम... हल्दी?"
मग आवाज चढला. चढणारच. डायरेक्टरांपुढे तोंडघशी पडले बिचारे. मी ऐकून घेतलं. पण निघताना म्हटलं, सर, त्या हळदीच्या नादात एक गोष्ट राहून जातेय. सातवी, आठवी, नववी, तिन्ही स्वच्छ काचेवर परत मोजल्यात. कवच नसलेली पावडर दमट कपाटात चॉकलेटी झाली, कवचवाली लालची लाल आहे. हे खरं आहे. यात हळद नाही.
दोन्ही पावडरींच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. शेजारी शेजारी. बघितल्या त्यांनी, हातात घेऊन. मग परत तेच : "टिक गया, ठीक है। पर फ़र्क़ किसको दिखता है?"
बाटल्या मात्र परत दिल्या नाहीत. ठेवून घेतल्या.

१ फेब्रु., रविवार
मिलिंदनं आज विचारलं. "तुझ्या लॅबमध्ये चांगला दिवा आहे, बाजारात मिळतात, मग आईच्या खोलीत एक लावून का टाकत नाहीस? महिना झाला."
भांडी घासत राहिले. उत्तर इथं लिहिते. मला भीती वाटते. दिवा लावला आणि आईंना तरीही लाल दिसला नाही तर? म्हणजे खरंच डोळे. डॉक्टर काहीही म्हणोत. आत्ता निदान "दिव्याचा दोष" असं म्हणता येतंय. दिवा लावला की ते पण गेलं.
आणि स्वतःबद्दल पण तेच. घरातल्या माणसाला फरक कळला नाही, तर ख. बरोबर.

५ फेब्रु., गुरुवार
ख.नीच तोड काढली. डायरेक्टर सोळाला येणार. त्यांच्यासमोर खोलीत दोन बल्ब, एक साधा, एक आपल्या लाल पावडरीचा. कुठला कुठला ते फक्त ख.ना माहीत. खाली घरातल्या रोजच्या वस्तू. आणि समोर बाहेरचा माणूस, दिव्यांतलं काही न कळणारा. "उसको फ़र्क़ दिखा तो प्रोजेक्ट एक साल और। नहीं दिखा तो बात ख़त्म।"
चांगलं आहे. रास्त आहे. माझी काही तक्रार नाही.
रेश्मा लगेच, "ताई, तुमच्या सासूबाई!"
म्हटलं अजिबात नाही. ती म्हणाली, का? चिडले तिच्यावर. मग सॉरी म्हटलं, आणि सांगितलं सगळं.
रेश्मा : "ताई, आमच्या अम्मीला पण सगळे म्हणायचे कान गेले. टीव्हीचा स्पीकर खराब होता."

८ फेब्रु., रविवार
विचारलं. आईंना, येता का म्हणून. बिघडलंच.
"परीक्षा? माझी? चार परक्या माणसांत?"
"तुमची नाही हो, दिव्याची."
"एकच झालं. मी नापास झाले की तुझं काम बुडालं. नको ते."
दिवसभर अबोला. मिलिंद दोघींच्या मध्ये, कोणाचीच बाजू न घेता, वर्तमानपत्र वाचत. तिसऱ्यांदा तेच पान.
रेश्माला फोन केला, की तुझ्या शेजारच्या कोणाला तरी विचार. ती बरं म्हणाली, पण नाइलाजानं.

११ फेब्रु., बुधवार
सकाळी मी निघताना आई दारात. "तिथं खाली काय ठेवणार आहेत?"
"भाज्या, फळं. गाजरं, टोमॅटो, सफरचंद. घरात असतं ते."
"गाजरं इथली लाल का ती नारिंगी?"
"इथली लाल."
"ती मला कळतात." एवढंच म्हणून आत गेल्या. मला उशीर होत होता, मेट्रो चुकली, तरी लिफ्टपाशी उभीच राहिले.

भाजीवाल्याकडून पहिल्याच दिवशी चक्क मराठीत भांडून ताजी गाजरं निवडून आणणारी बाई ही. दिल्लीला आल्या तेव्हा हिंदी येत नव्हती, भाजीवर मात्र पहिल्या दिवसापासून हुकूमत.

१४ फेब्रु., शनिवार
आईंनी साडी काढून ठेवलीय. मी म्हटलं साधंच जायचंय, ऑफिस आहे. "ऑफिस तुझं. मी पाहुणी."
घरी लालवाला दिवा लावायचा नाही, असं ठरवलंय. आधी बघितला तर मग परीक्षा खरी नाही. त्यांनाही सांगितलं. म्हणाल्या, "बरोबर आहे. पेपर आधी फुटला तर काय मजा." त्या घाबरलेल्या नाहीत. मी घाबरलेय. हात धुवायची सवय लागलीय, दिवसातून दहा वेळा.
मिलिंद सोमवारी सुट्टी घेऊन गाडी चालवणार. तो घाबरला की सुट्टी घेतो.

१६ फेब्रु., सोमवार
लॅबबाहेरच्या बाकावर लिहितेय. मला आत जाऊ दिलं नाही. ख. म्हणाले, "मॅडम, आपका चेहरा देखके कोई भी पकड़ लेगा।" खरंय. रेश्मा पण बाहेर, माझ्या शेजारी. मिलिंद खाली गाडीत, वर यायला तयार नाही.

आई आत जाताना डायरेक्टरांना नमस्कार करून म्हणाल्या, "मैं बूढ़ी हूँ, पर भाजी मैंने पचास साल देखी है।" ते हसले. भला माणूस वाटला. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. मग दार लागलं.

खटक्याचा आवाज. परत खटका. कोणीतरी खोकलं. रेश्मा नख खातेय, मी तिच्या हातावर चापट मारली, आता मी खातेय.

देवाला काही मागितलं नाही. मागावंसं वाटलं, पण काय मागू तेच कळेना. लाल टिकावा हे? की आईंना दिसावा हे? खरं म्हणजे दुसरं. पहिलं गेलं तरी चालेल, सेल्सला जाईन, चार शोरूम फिरेन, काही बिघडत नाही. दुसरं जाऊ नये. हे आज कळलं मला, बाकावर बसून.

परत खटका. आतून ख.चा आवाज, "माताजी, अब?"
गाजरं उचलल्याचा, परत ठेवल्याचा आवाज. डायरेक्टर काहीतरी हळू बोलले.
आणि आत्ता, आत्ता आई. मोठ्यानं. भाजीवाल्याशी बोलतात त्याच आवाजात, "ये नहीं, ये बंद करो! इसमें सब मरा हुआ दिखता है। वो पहले वाला लगाओ वापस!"

रेश्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. फरक दिसतोय. आईंना फरक दिसतोय! पहिला कुठला होता ते मला माहीत नाही, रेश्माला नाही, आईंनाही नाही. फक्त ख.ना माहीत, आणि ते आत आहेत.

खटका.
आता आत सगळे एकदम बोलतायत, ख. चक्क हसतायत. आईंचा आवाज सगळ्यांच्या वर. डोळ्यात पाणी आलंय, अक्षर नीट येत नाही. रेश्मा म्हणतेय, लिहिणं ठेवा ताई, ऐका आधी.